सायकल, वही आणि इलन पाइप

1942 साली आयरिश लोककथा आयोगाने शेमस एनिस या 23 वर्षांच्या तरुणाला कामावर घेतलं. पगार आठवड्याला तीन पौंड, शिवाय वही, पेन आणि सायकल. महायुद्धाच्या त्या दिवसांत पेट्रोलची टंचाई होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिश बोलणाऱ्या गावांत जाऊन तिथली गाणी आणि धुना उतरवून आणायच्या, हे त्याचं काम.

त्याची तयारी आधीच झाली होती. वडील जेम्स स्वतः इलन पाइप, म्हणजे आयरिश बॅगपाइप, वाजवायचे. 1908 साली लंडनमध्ये त्यांनी एक जुना, खिळखिळा पाइप विकत घेतला होता. पुढे तो शेमसकडे आला. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. एका कोपराखालच्या भात्याने दुसऱ्या काखेतल्या पिशवीत हवा भरायची, बोटांनी धून वाजवायची, मागे तानपुऱ्यासारखा आधारसूर चालू, आणि मधूनच मनगटाने पट्ट्या दाबून साथीचे स्वर काढायचे! डब्लिनमधल्या एका छापखान्यात नोकरी करताना शेमस स्वरलेखनही शिकला होता.

पण या गावांत खरी उपयोगी पडली ती आयरिश भाषा. तिथलं जुन्या धाटणीचं गाणं साथीशिवाय गातात. ठेका शब्दांच्या वजनावर चालतो, त्यामुळे शब्द न कळता नुसती चाल टिपून फारसं हाती लागत नाही. संथ धून वाजवायची तर मूळ गाणं ठाऊक हवं, असं पाइपवालेही मानतात. शेमस ज्या भागात जाई तिथल्याच बोलीत बोलू लागे. पश्चिमेकडच्या कॉनमारा भागातल्या कॉलम ओ कीन या गरीब शेतकरी-कोळ्याशी त्याची गट्टी जमली आणि या एकाच माणसाकडून त्याला दोनशेहून अधिक गाणी मिळाली. त्या काळातली त्याची रोजनिशी आयरिशमध्येच आहे. ती वाचताना संशोधकापेक्षा घरचा पाहुणाच जास्त भेटतो.

1947 मध्ये तो आयरिश रेडिओत गेला, 1951 पासून बीबीसीत. वहीची जागा ध्वनिमुद्रण यंत्राने घेतली. पुढे ‘अ‍ॅज आय रोव्हड आउट’ या कार्यक्रमातून खेड्यातले गायक ब्रिटनभर ऐकू आले. नोकरी सुटल्यावरचे दिवस मात्र ओढगस्तीचे गेले. अखेरची वर्षं त्याने डब्लिनच्या उत्तरेला नॉल गावात एका कॅरव्हॅनमध्ये काढली.

1982 मध्ये तो गेला. वडिलांचा तो पाइप त्याने लिअम ओफ्लिन याच्या नावे ठेवला होता. हा त्याचा तरुण सोबती तोवर प्लँक्स्टी या बँडमुळे नावारूपाला आला होता, आणि त्याने ते वाद्य मैफलींतून वाजतं ठेवलं.