घरचा नंबर आणि परदेशातला खातेदार
(द्वितीय वर्ष, कला)

पुण्याहून पौड रस्त्याने निघाले की पिरंगुटच्या आसपास कारखान्यांच्या शेडी दिसू लागतात. त्याच परिसरात आमचे उरवडे आहे. माझा दादा आय.टी.आय. करून तेथल्याच एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तीन वर्षांपूर्वी मस्कतला गेला. तो गेला तेव्हा आई रडली आणि आबांनी देवापुढे नारळ फोडला. माझ्याकडे मात्र एक काम आले. ते किती जोखमीचे आहे हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हते. ते काम होते बँकेकडून येणारे इंग्रजी संदेश वाचून दाखविण्याचे.

परदेशी गेलेल्या माणसाला मोबाईलवरून बँकेचे व्यवहार करणे कितपत सुरक्षित आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नाही, कला शाखेची आहे. तरी जे घरात घडले आणि त्यानंतर जे वाचून, विचारून समजले, ते मांडते.

माझे आजोबा उमेदीच्या काळात मुंबईस होते. दर महिन्याला त्यांची मनिऑर्डर येई. आपल्याकडे ही टपालसेवा १८८० साली सुरू झाली आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ खेडोपाडीच्या चुली तिच्यावर पेटल्या. पोस्टमन घरी येई, आजीचा अंगठा घेई आणि शेजारच्या एखाद्या शिकलेल्या माणसाची साक्षीची सही घेई. आजी म्हणे, “पोस्टमन मला ओळखतो, मग साक्ष कशाला?” परंतु त्या साक्षीत मोठा अर्थ होता. पैसा योग्य माणसाच्या हाती पडला, हे सांगणारे दुसरे कुणीतरी हवे असते. आज मोबाईलवर सहा आकड्यांचा ओटीपी येतो, तो म्हणजे हीच साक्ष होय. फरक इतकाच की ही साक्ष तोंड पाहत नाही. ती फक्त नंबर पाहते.

आता ॲप काम कसे करते ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक बँकांचे ॲप फोनमध्ये प्रथम सुरू करताना त्या फोनमधून एक एसएमएस आपोआप बँकेकडे जातो. तो ज्या सिमवरून गेला तो नंबर खात्यावर नोंदलेला असेल, तरच ॲप पुढे सरकते. म्हणजे ॲप त्या सिमशी आणि त्या फोनशी बांधले जाते. त्यानंतर आपण आपला गुप्त आकडा, म्हणजे पिन, ठरवतो. चोराला पैसे काढायचे तर फोन, सिम आणि पिन या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. फोन आणि बँक यांच्यामधला मजकूरही सांकेतिक रूपात जातो, त्यामुळे वाटेत कुणी ऐकले तरी त्याला बोध होत नाही. ‘विमानतळावरचे फुकटचे वायफाय वापरले की खाते रिकामे’ असे आपण ऐकतो, त्यात म्हणूनच अतिशयोक्ती बरीच आहे. खबरदारी अवश्य घ्यावी, परंतु चोर सहसा त्या वाटेने येत नाही.

तो येतो माणसांच्या वाटेने. आमच्या घरची व्यवस्था ऐका, म्हणजे पटेल.

दादाचे सिम रोमिंगवर ठेवायचे तर खर्च होणार, म्हणून त्याने ते येथेच ठेवले. आबांच्या फोनात दोन सिमांची सोय आहे, त्यात ते घातले. आता सिम उरवड्यात आणि खातेदार मस्कतमध्ये. साहजिकच त्याच्या फोनवर बँकेचे ॲप चालेना. मग तो बँकेच्या संकेतस्थळावरून व्यवहार करू लागला. त्याने तिकडे कळ दाबली की ओटीपी आबांच्या फोनवर येई. मी तो वाचायचा आणि व्हॉट्सॲपवर दादाला पाठवायचा. मस्कतचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते. त्याची पाळी सुटून तो खोलीवर येई तेव्हा आमच्याकडे जेवणे उरकलेली असत. “आकडा पाठव” असा संदेश आला की मी अभ्यास सोडून उठे. दोन वर्षे हे सुरळीत चालले. गावात आणि आसपास आखातात गेलेल्या मुलांच्या घरी चौकशी केली, तर पुष्कळ ठिकाणी हीच तऱ्हा दिसली. कुठे धाकटा भाऊ ओटीपी पाठवतो, कुठे बायको. एकाने तर येणारा प्रत्येक एसएमएस आपोआप पुढे पाठविणारे कसलेसे ॲप घरच्या फोनात टाकून दिले होते. घराची किल्ली ओट्यावर ठेवावी, तशातला हा प्रकार आहे.

गेल्या गणपतीत, गौरी जेवल्या त्या रात्री, आबांच्या फोनवर एका अनोळखी नंबरावरून संदेश आला. फोटो दादाचाच होता. माझा फोन हरवला आहे, मित्राच्या फोनवरून लिहितो आहे, आता बँकेचा आकडा येईल तो लगेच पाठव, असा मजकूर होता. पाठोपाठ खरोखरच बँकेचा संदेश आला. मी आकडे टाइप करू लागले. चार झाले होते. इतक्यात त्याच नंबरावरून आणखी एक ओळ आली, “पप्पांना सांगू नकोस.”

आमच्या घरात पप्पा कुणीच नाही. दादा जन्मापासून आबाच म्हणतो.

हात थांबला. मग प्रथमच मी बँकेचा संदेश पूर्ण वाचला. दोन वर्षांत मी त्यातले फक्त सहा आकडे पाहत आले होते. त्यात स्पष्ट लिहिले होते की हा ओटीपी इंटरनेट बँकिंगचा पासवर्ड नव्याने ठरविण्यासाठी आहे. पैसे पाठविण्याचा त्यात उल्लेखच नव्हता. मी तो पाठवला असता, तर दादाच्या खात्याचे दारच दुसऱ्याच्या नावे झाले असते. दादाच्या जुन्या नंबरावर फोन लावला. तो उचलून म्हणाला, “काय गं, एवढ्या रात्री? आई बरी आहे ना?”

खात्यात त्या वेळी घराच्या स्लॅबसाठी साठवलेले पैसे होते. त्या मनुष्याला दादाचे नाव, फोटो आणि बँक कशी कळली, हे आम्हाला आजतागायत समजलेले नाही.

हा प्रसंग मी आमच्या एका प्राध्यापकांना सांगितला. त्यांनी कौतुक केले नाही. त्यांनी विचारले, “आणि पैसे गेले असते तर बँकेने भरून दिले असते का?” त्याचे उत्तर शोधताना मला रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाची माहिती मिळाली. त्यात घातलेला दंडक असा. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर जबाबदारी नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तरीही त्याचे नुकसान होऊ द्यायचे नाही. चार ते सात दिवस लावले तर ठरावीक मर्यादेपर्यंतचा भार ग्राहकावर. परंतु पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्यास देणे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरतो, आणि तसे असेल तर बँकेस कळवीपर्यंत झालेले सारे नुकसान त्यानेच सोसायचे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार मात्र बँकेवर टाकला आहे.

हे वाचून मी सुन्न झाले. कारण चोराला आकडा देणे हाच काही निष्काळजीपणा नव्हे. बहिणीने भावाला रोज आकडा पाठविणे, हेही नियमाच्या दृष्टीने त्यातच मोडते. आम्ही ज्याला घरची सोय म्हणत होतो, तिनेच दादाचे संरक्षण काढून घेतले होते. आणखी एक गैरसमज येथेच दूर करते. ‘पाच लाखांपर्यंत विमा असतो’ असे पुष्कळजण सांगतात. तो ठेव विमा बँक बुडाल्यास मिळतो. फसवणुकीशी त्याचा संबंध नाही.

मग बँकांची बाजू अगदी भक्कम आहे असे म्हणावे काय? तसेही नाही. पुण्याच्याच कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये जो हल्ला झाला तो या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की ‘या माणसाला पैसे द्यावेत काय?’ अशी विचारणा बँकेच्या यंत्रणेकडे जाते. चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा उभी केली, आणि तीच प्रत्येक विचारणेला ‘द्यावेत’ असे उत्तर देऊ लागली. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. भारतातही काढले गेले, अगदी कोल्हापुरातसुद्धा. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींवर गेली. पुढे २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना शिक्षा सुनावली. या प्रकरणात कुणाही ग्राहकाने ओटीपी दिला नव्हता, कुणाचा फोन हरवला नव्हता. आणि म्हणूनच तो भार बँकेवर पडला, खातेदारांवर नाही. चोरी बँकेच्या तिजोरीतून होते की आपल्या हातून होते, यावर सारे अवलंबून आहे. आपल्या हातून होणाऱ्या चोरीत रक्कम लहान असते, पण ती परत मिळत नाही.

परदेशातल्या माणसाचे हात अधिक वेळा पकडले जातात, याला त्याचे राहणेही कारणीभूत आहे. दादाच्या खोलीत सहाजण राहतात. पिन टाकताना कोण मागे उभा आहे हे पाहण्याइतकी जागा तेथे नाही. बँकेची शाखा जवळ नाही, आणि काही अडले तर तो इंटरनेटवर बँकेचा फोन नंबर शोधतो. तेथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा गोड बोलणारा मनुष्य एखादे ॲप घ्यायला सांगतो, ज्याने आपला पडदा त्याला दिसू लागतो. अशा ‘एनीडेस्क’ नावाच्या ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ते ॲप मूळचे वाईट नाही, दुरून संगणक दुरुस्त करण्यासाठी लोक ते वापरतात. परंतु सुरी भाजीही चिरते. अलीकडे ओळखण्याच्या दोन खुणा झाल्या आहेत. बँकांना आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ अशा शेवटाची करण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत होती. आणि बँकांनी ग्राहकांना सेवेसाठी करावयाचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करावेत असे ठरले आहे. साध्या दहा आकडी मोबाईलवरून कुणी ‘बँकेतून बोलतो’ म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. उद्धटपणा वाटला तरी चालेल.

सिमबद्दलही दोन शब्द. घरी पडून राहिलेला नंबर रिचार्ज न केल्यास कंपनी बंद करते. बंद झालेला नंबर ९० दिवस तरी दुसऱ्यास देऊ नये असा नियम आहे, पण त्यानंतर तो कुणालाही मिळू शकतो, आणि खात्यावर तोच नोंदलेला राहिला तर बँकेचे संदेश त्या परक्या माणसाकडे जाऊ लागतात. खोटी कागदपत्रे दाखवून दुसऱ्याच्या नंबराचे नवे सिम काढणारेही असतात. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवसांच्या आत तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, ते याचसाठी. आपल्या फोनची रेंज एकाएकी गेली आणि तासन्‌तास आली नाही, तर ‘टॉवर गेला असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये.

आता यावर उपाय काय? तो आम्हाला दादा रजेवर आला तेव्हा बँकेत सापडला, आणि तोही थोडी बोलणी खाऊन. तेथील साहेबांनी पहिला प्रश्न केला की हे साधे बचत खाते अजून तसेच कसे? नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाने आपले साधे खाते एनआरओ प्रकारात बदलून घ्यायचे असते, आणि परदेशी कमाई पाठविण्यासाठी एनआरई नावाचे निराळे खाते उघडता येते. दादाला हे जाताना कुणी सांगितले नव्हते. एजंटाने व्हिसाचे पैसे मोजून घेतले, बँकेचे नाव काढले नाही. या खात्यांचा मोठा फायदा असा की त्यांवर परदेशातला नंबर नोंदवता येतो. जानेवारी २०२३ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने अशा खात्यांना परदेशी नंबरावरून यूपीआय वापरण्याची परवानगी दिली. सुरुवातीच्या दहा देशांत ओमान, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन हे देश आहेत. म्हणजे आपली माणसे जेथे जातात त्यांतले बरेचसे आले. आपल्या बँकेत ही सोय आहे की नाही, हे मात्र जाण्यापूर्वी विचारावे.

दादाने खाती बदलली, मस्कतचा नंबर लावला, पासवर्ड पालटला. ओमानला परतण्यापूर्वी त्याने मला सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक आबांच्या फोनात घालून ठेवायला सांगितले. परदेशातून असे छोटे क्रमांक सहसा लागत नाहीत. तेथून बँकेचा परदेशासाठीचा पूर्ण क्रमांक जवळ हवा, आणि तो पाकिटातल्या कागदावर लिहिलेला हवा, कारण फोनच गेला तर फोनातला नंबर काय कामाचा?

आबांचा फोन आता शांत असतो. पहिल्या महिन्यात त्यांना ते मुळीच आवडले नाही. पूर्वी दादाचा पगार जमा झाला की संदेश त्यांच्याच फोनवर येई, तो मी वाचून दाखवी आणि ते ऐकून आई देवाजवळ दिवा लावी. परवा त्यांनी मला बोलावून विचारले, “काय गं, बँकेनं आपल्याला लिहायचं सोडलं का?” मी त्यांना समजावून सांगितले की ते संदेश आता दादाला येतात. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्याला सांग, पगार झाला की आकडा नको, पण एक ओळ लिहीत जा. आबा म्हणून.”