घरगुती सर्व्हरवरील दूरस्थ प्रवेशाचा दोषशोध
घरातील सर्व्हर बाहेरून, इंटरनेटद्वारे हाताळणे म्हणजे दूरस्थ प्रवेश होय. त्यासाठी बहुधा सिक्युअर शेल अर्थात एसएसएच हा प्रोटोकॉल वापरतात. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी तो १९९५ मध्ये तयार केला. त्याचा प्रमाणित पोर्ट २२ आहे.

जोडणी न झाल्यास दोषाचे स्थान बहुतेकदा संदेशावरून कळते. 'जोडणी नाकारली' असा संदेश तत्काळ आल्यास विनंती यंत्रापर्यंत पोहोचलेली असते. मात्र त्या पोर्टवर सहसा सेवा चालू नसते. बऱ्याच वेळाने 'मुदत संपली' असे दिसल्यास चुकीचा पत्ता, फायरवॉल किंवा राउटरवर न केलेले पोर्ट फॉरवर्डिंग ही कारणे संभवतात. 'परवानगी नाकारली' या संदेशाचा अर्थ जाळे सुरळीत आहे, पण वापरकर्तानाव, पासवर्ड किंवा किल्ली स्वीकारली गेलेली नाही, असा होतो.

म्हणून तपासणी आतून बाहेर करतात: प्रथम सर्व्हरवरच, नंतर घरातील दुसऱ्या संगणकावरून, शेवटी मोबाइल डेटावरून.

राउटरचा बाह्य पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या मर्यादेत असल्यास तो सेवादात्याच्या सामायिक पत्त्यांपैकी असतो. अशा पत्त्यावर बाहेरून थेट पोहोचता येत नसल्याने पोर्ट फॉरवर्डिंग निष्फळ ठरते. सार्वजनिक पत्ता, आयपीव्ही६ किंवा व्हीपीएन यांचा आधार घ्यावा लागतो.

दोष शोधताना फायरवॉल पूर्णपणे बंद करणे धोक्याचे असते. इंटरनेटवर खुल्या असलेल्या पोर्ट २२ वर स्वयंचलित प्रणाली सतत पासवर्डचे अंदाज लावून पाहतात. त्यामुळे किल्लीद्वारे प्रवेश यशस्वी झाल्याची खात्री करून पासवर्डद्वारे होणारा प्रवेश बंद करणे इष्ट ठरते.