दम लागणारा सुपरमॅन आणि त्याचे खानदेशी चाहते

‘शोले’तले डाकू घोड्यांवरून येतात. मालेगावच्या डाकूंना घोडे परवडणारे नव्हते, म्हणून ते सायकलींवरून आले. पायडल मारत, धापा टाकत, चेहऱ्यावरचा क्रूर भाव मात्र जराही ढळू न देता. २००० साली नासिर शेख या व्हिडिओ पार्लरवाल्या तरुणाने ५० हजारांच्या आसपास खर्चून ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि यंत्रमागाच्या खडखडाटात आठवडा काढणाऱ्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे ‘मालेगाव की शान’, ‘मालेगाव की लगान’, ‘मालेगाव के करण अर्जुन’ अशी रांगच लागली. गावाला कुणीतरी ‘मॉलिवूड’ म्हणायला लागलं.

या सिनेमांवर आजवर भरपूर लिहून आलं आहे. त्यातलं बहुतेक लिखाण एकाच गोष्टीवर खूश असतं: पैसे नसताना या पोरांनी केलं कसं! सायकलवर कॅमेरावाल्याला बसवून ट्रॉली शॉट घेतला, बैलगाडीची क्रेन केली, दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग केलं, हिरवं कापड ताणून त्यापुढे नायकाला उडवलं. सगळं खरं आहे आणि थक्क करणारंही आहे. पण धुळ्याच्या, जळगावच्या किंवा खुद्द मालेगावच्या जुन्या चाहत्याशी बोलायला बसा. तो बैलगाडीच्या क्रेनचा विषयही काढणार नाही. बैलगाडीत त्याला नवल वाटावं असं काय आहे? तो सांगेल गब्बरची नक्कल कुणी केली होती, चालण्यात तो अमजद खानला कसा पकडायचा, कुठला सीन कुठल्या गल्लीत घेतला, आणि मागे गर्दीत उभा असलेला माणूस कुणाचा मेहुणा होता. बाहेरच्याला जुगाड दिसतो, घरच्याला विनोद. या लेखाला रस आहे तो घरच्यांच्या मतात.

‘मालेगाव तर नाशिक जिल्ह्यात, मग खानदेश कसला?’ असं कुणी भूगोलाचा मास्तर विचारेलच. १८६९ साली नाशिक जिल्हा तयार झाला तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण हा मुलूख जुन्या खानदेशातून काढून त्याला जोडला गेला. उरलेल्या खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले; तेच आजचे जळगाव आणि धुळे. पश्चिम भागातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. कागदावर रेषा कितीही बदलल्या तरी आग्रा रोडवर मालेगाव ते धुळे हे अंतर पन्नासेक किलोमीटरचंच राहिलं. कापड त्या रस्त्याने गेलं, सोयरिकी गेल्या, आणि व्हीसीडीचा जमाना आला तेव्हा सिनेमेही गेले. धुळे, जळगाव, भुसावळच्या बाजारांत, बस स्टँडालगतच्या गाड्यांवर या सीडी हिंदी गाण्यांच्या सीडींशेजारी मांडलेल्या असत. याच सुमारास नावांतलं ‘मालेगाव’ मागे पडून ‘खानदेश’ पुढे यायला लागलं. एका गावाच्या नावापेक्षा मुलखाच्या नावाला गिऱ्हाईक जास्त, हे विकणाऱ्याला बरोबर कळतं.

नासिर शेख यांची शिकवणी त्यांच्याच पार्लरमध्ये झाली. चॅप्लिन, बस्टर कीटन, जॅकी चॅन, ब्रूस ली यांच्या चित्रपटांतले तुकडे जोडून ते प्रेक्षकांसाठी नवंच कडबोळं तयार करत. इंग्रजी संवाद कुणाला कळत नव्हते, कळायची गरजही नव्हती. पडणं, आपटणं, पळणं आणि शेवटच्या क्षणी निसटणं याला भाषा लागत नाही. पुढे सब टीव्हीवर त्यांची ‘मालेगाव का चिंटू’ ही जवळपास निःशब्द विनोदी मालिका आली. तिचं मूळ इथेच आहे. जाणकार चाहत्यांमध्ये एक छोटा गट असा आहे की ज्याला चिंटूच सर्वांत आवडतो. विडंबन पाहायला मूळ चित्रपट ठाऊक असावा लागतो, चिंटूला तेही लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. बहुमत मात्र ‘शोले’कडे आणि ‘सुपरमॅन’कडे.

‘मालेगाव का सुपरमॅन’वर जरा थांबलं पाहिजे. याचा नायक शफीक शेख, अंगकाठीने काटकुळा, पोटापाण्यासाठी यंत्रमागावर राबणारा. त्याच्या सुपरमॅनच्या निळ्या पोशाखाला पुढे नाडा लोंबतो. तो उडतो खरा, पण गावच्या हवेत त्याला दमा झालाय. त्याच्यासमोरचा खलनायक घाणीवर प्रेम करणारा. अमेरिकेतला सुपरमॅन जगाचा विनाश टाळतो. मालेगावच्या सुपरमॅनपुढे तुंबलेली गटारं, तंबाखूच्या पिचकाऱ्या आणि छातीत भरणारी धूळ आहे. ज्या गावात मागाच्या खोलीत कापसाची तूस हवेत तरंगते आणि खोकला हा घरातलाच एक सदस्य असतो, त्या गावात दम लागलेला सुपरमॅन पाहून येणारं हसू वेगळ्याच जातीचं असतं. ‘हाई तं आपलंच गाव शे!’ असं अहिराणीत कुणी ओरडतो, तेव्हा त्याने समीक्षेचं अर्धं काम उरकलेलं असतं.

या चित्रपटाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो २००८ चा. भारतातल्या थिएटरांत मात्र जून २०१२ मध्ये लागला. कॅमेरा पाण्यात पडून शूटिंग अडतं, ऐन शूटिंगच्या गडबडीत नायकाचं लग्न निघतं, लेखक फरोग जाफरी मुंबईच्या दारापर्यंत पोचूनही आत जाता न आल्याची सल बोलून दाखवतात, अक्रम खान खलनायकही होतात आणि कॉम्प्युटरवरची करामतही सांभाळतात. तोंडाच्या कर्करोगाने शफीक शेख गेले ते माहितीपट थिएटरात लागण्यापूर्वीच. तंबाखूच्या राक्षसाशी पडद्यावर लढलेल्या माणसाला असं मरण यावं, हे चाहते आजही हळहळून सांगतात. त्या काळी मालेगावचं नाव देशभर गाजत होतं ते ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे. गावाचं नाव हसण्यासाठीही घेतलं जाऊ शकतं, याचं तिथल्या माणसाला किती अप्रूप वाटलं असेल, हे पुण्या-मुंबईत बसून पुरतं कळणार नाही.

मग आला बड्या निर्मात्यांचा, नावाजलेल्या नटांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. रीमा कागती यांचं दिग्दर्शन, वरुण ग्रोवर यांचं लेखन, नासिरच्या भूमिकेत आदर्श गौरव, शफीक झालेला शशांक अरोरा आणि लेखक फरोग रंगवणारा विनीतकुमार सिंह. सप्टेंबर २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे लागला. जुन्या चाहत्यांची त्यावर दोन मतं पडली आणि दोन्हींत तथ्य आहे. काहींना वाटलं, अखेर आपल्या माणसांना मानाने पडद्यावर आणलं. लेखकाचं दुखणं, मित्रांमधली फूट, श्रेय कुणाचं हा वाद, हे सगळं नीट आलं. काहींची तक्रार अशी की रडवायच्या नादात हसवायचं राहिलं. शफीकच्या आजारपणाने डोळे भरून येतात, पण ज्या वात्रटपणामुळे गाव या पोरांवर जीव टाकत होतं तो वात्रटपणा साफसूफ करून, इस्त्री मारून मांडलाय. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या बाजूला जरा जास्त आहे. हिंदी चित्रपट चांगलाच आहे. फक्त तो पाहिल्यावर मूळ ‘सुपरमॅन’ शोधून पाहावा, एवढी शिफारस.

खरी भांडणं सुरू होतात ती पुढच्या पिढीवरून.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि व्हीसीडीच्या गाड्या पाहता पाहता उठल्या. ‘खानदेशी कॉमेडी’ आता यूट्यूबवर गेली आणि तिथे तिला असा एक नट मिळाला की ज्याला बिहारपासून बांगलादेशापर्यंत पोरंसोरं ओळखतात: छोटू दादा, म्हणजे शफीक नाट्या. उंचीने लहान, तोऱ्याने दादा. मागे धिप्पाड गुंडांची फौज, डोळ्यांवर गॉगल, आणि प्रत्येक भागात नवा धंदा. कधी गोलगप्पे विकणार, कधी ट्रॅक्टर चालवणार. ‘छोटू के गोलगप्पे’ तर कोट्यवधी वेळा पाहिला गेला. एखाद्या मराठी चित्रपटाच्या निर्मात्याने त्या आकड्याकडे पाहून डोळे पुसावेत, अशी गत.

जुने रसिक यावर नाक मुरडतात. त्यांचे मुद्दे ठरलेले आहेत. ‘शोले’च्या विडंबनात निदान ‘शोले’ होता. इथे गोष्ट अशी नाहीच, एकाने दुसऱ्याला फसवायचं आणि शेवटी चपलेने मार खायचा. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: बुटक्या माणसाच्या उंचीवर हसणं हा कसला विनोद? या आक्षेपाकडे दुर्लक्ष करता येत नाही, काही भागांत तो शंभर टक्के लागू पडतो. पण छोटूच्या चाहत्यांकडे याचं उत्तर आहे. ते म्हणतात, बाकीच्या चित्रपटांत बुटका माणूस मार खायला ठेवलेला असतो, इथे तो मार द्यायला आहे. दादा तो, गुंड त्याचे, आणि पोस्टरवर चेहराही त्याचाच. लहान मुलांचं याहून सोपं आहे. मोठ्यांच्या जगात आपल्याएवढ्याच उंचीचा माणूस सगळ्यांवर हुकूम सोडतोय, यापरतं सुख कुठलं? हे पाहणाऱ्यात आया-आजीही असतात. कारण या विनोदात अचकटविचकट फारसं नसतं आणि ताटावर बसलेलं पोर चार घास जास्त जेवतं. ही उपयुक्तता कुठल्याच महोत्सवाच्या परीक्षकाने लक्षात घेतलेली नाही.

‘हलका विनोद’ म्हणून नाक मुरडणं आपल्याकडे नवं नाही. १९७१ मध्ये दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ आला तेव्हा दादरच्या कोहिनूर थिएटरात तो लावण्यावरून केवढं रामायण झालं आणि बाळासाहेब ठाकरे यांना मध्ये पडावं लागलं, हा किस्सा जगजाहीर आहे. शहाणेसुरते कुरकुरत राहिले, पब्लिकने रौप्यमहोत्सव साजरे केले. खानदेशाला तर सोंगाची सवय सिनेमाच्याही आधीची. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सोंगाड्या पार्टी रात्रभर चालते; त्यात पुरुषच बाई होतो आणि चालू जमान्यातली कुठलीही गोष्ट खेळात खुशाल घुसते. मालेगावच्या पोरांनी कॅमेऱ्यासमोर ‘शोले’चं सोंग आणलं, त्याला इथला प्रेक्षक मुळीच बिचकला नाही.

बाईच्या भूमिकेची अडचण मात्र सोंगाड्या पार्टीसारखी सुटली नाही. मालेगावच्या मुली पडद्यावर यायच्या नाहीत, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. स्त्री-पात्रं त्यामुळे तोंडी लावण्यापुरती. या सिनेमांवर जीव टाकणाऱ्या बायका घराघरांत आहेत, पण त्यांच्या वाट्याचा विनोद कुणी लिहिला नाही. चाहत्यांच्या गप्पांतही हा विषय क्वचितच निघतो. निघायला हवा.

याउलट जो विषय हमखास निघतो तो भाषेचा. नाव ‘खानदेशी’, बोलणं मात्र हिंदी. मालेगावच्या विणकरांचे पूर्वज बरेचसे १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले. त्यांची उर्दू, आजूबाजूची मराठी आणि बाजारातली बोली मिळून जी भाषा झाली ती या सिनेमांत आहे, आणि ती अस्सल आहे यात शंका नाही. पण शिंदखेडा किंवा पारोळ्याच्या माणसाला खानदेश म्हटलं की अहिराणी आठवते. त्याची तक्रार साधी आहे: आमच्या मुलखाचं नाव जगभर गेलं, आमची बोली घरीच राहिली. छोटू दादाचे चाहते यावर व्यवहाराने बोलतात. हिंदी आहे म्हणून बिहारात चालतो. अहिराणी बोलला असता तर तापीच्या दोन्ही काठांवर चालला असता, त्यापलीकडे कोण बघणार?

या ‘कोण बघणार’चं उत्तर गाण्यांनी परस्पर देऊन टाकलं. ‘हाई झुमका वाली पोर’ किंवा ‘केसावर फुगे’ ही अहिराणी गाणी अलीकडच्या वर्षांत लग्नाच्या डीजेवर कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत वाजली. शब्द न कळणारेही त्यावर नाचले. तेव्हापासून धुळे-जळगावच्या चाहत्यांची मागणी बदलली आहे. यूट्यूबवर अहिराणी विनोदाचे छोटे भाग पुष्कळ निघतात, सासू-सुनेची भांडणं, सरपंचकीची निवडणूक, पोराची सोयरीक असे विषय असतात. या चाहत्यांना आता पाच-दहा मिनिटांचा तुकडा नको, दोन तासांचा चित्रपट हवाय. नासिर शेख यांच्या पोरांनी मालेगावचं केलं तसं कुणीतरी कापसाच्या भावाचं, केळीच्या विम्याचं, लोडशेडिंगचं करावं, असं ते म्हणतात. निर्मात्याचं नाव कुणालाच सुचत नाही. खलनायक कोण असावा यावर मात्र एकमत आहे: शेतीपंपाची वीज रात्री सोडणारा, आणि तीही पोळ्याच्या दिवशी.