नातवंडे वयात येताना

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारची संध्याकाळ. दवाखाना आवरत असताना माझ्या एका जुन्या रुग्णाचा फोन आला. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या आणि दुसऱ्या दिवशी रविवार. मी म्हटले, ''आजोबा, चिठ्ठी लिहून ठेवतो. कुणाला तरी पाठवून द्या.'' चिठ्ठी लिहून मी वाट पाहत बसलो. अर्ध्या तासाने दारात रिक्षा थांबली आणि दोघा अनोळखी माणसांनी एका मुलाला धरून आत आणले. तो आजोबांचा नातू होता, वय वर्षे पंधरा. आजोबांची स्कूटर घेऊन तो निघाला होता आणि ओल्या रस्त्यावर वळणावर घसरला होता. हेल्मेट घरी खुंटीवर होते. कॉलरबोन मोडलेली, कपाळावर खोल जखम आणि तोच तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मेंदूला धक्का बसल्याची ती खूण होती. त्याला लगेच रुग्णालयात पाठवले. दोन रात्री देखरेखीखाली काढून तो सुखरूप घरी परतला.

नंतर आजोबा भेटायला आले तेव्हा बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले, ''किल्ली मीच दिली, डॉक्टर.'' त्यांना धीर देताना मला माझेच शब्द आठवत होते. 'कुणाला तरी पाठवा' असे सांगताना, ते 'कुणी' म्हणजे कोण, हे मी विचारले नव्हते.

किशोरवयातील आरोग्याविषयी आम्ही डॉक्टर बहुधा आई-वडिलांशी बोलतो. परंतु आई-वडील दोघेही नोकरीस जाणाऱ्या घरांत, शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत मुलांच्या सोबतीला असतात ते आजी-आजोबाच. म्हणून आजचे हे चार शब्द आपल्यासाठी, वाचकहो.

उशिरा उठणे हा केवळ आळस नव्हे

'सूर्य डोक्यावर आला तरी लोळत पडला आहे,' ही तक्रार मी नेहमी ऐकतो. तिच्यामागे एक शारीरिक कारण आहे. झोपेची वेळ झाल्याचा संकेत देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक वयात येणाऱ्या मुलांत लहानपणीपेक्षा उशिरा स्रवू लागते. याउलट, उतारवयात झोप लवकर येते आणि पहाटेच जाग येते. एकाच घरातील दोन पिढ्यांची घड्याळे अशी विरुद्ध दिशांना सरकलेली असतात. त्यात कुणाचाच दोष नाही.

तेरा ते अठरा या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी. शाळेची वेळ बदलणे आपल्या हाती नाही. पण रात्रीचा मोबाइल बाजूला ठेवणे आहे. मुलांना नुसते बजावून हे साधत नाही. घरातील सर्वांचे मोबाइल रात्री एका ठरावीक जागी ठेवावेत आणि त्यांत आजोबांचाही असावा. आपण अंथरुणात व्हिडिओ पाहत राहायचे आणि नातवाला झोपेचे महत्त्व सांगायचे, हे मुले बरोबर हेरतात.

ताटातले लोह

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते. दम लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे, चिडचिड, पांढुरका चेहरा ही त्याची लक्षणे. घरी ती 'नखरे' म्हणून दुर्लक्षिली जातात. अशा वेळी हिमोग्लोबिनची साधी तपासणी करून घ्यावी.

स्वयंपाकघरात आजींचा शब्द चालतो, म्हणून त्यांना विशेष विनंती. पालेभाजी, मटकीची उसळ, हळिवाचे लाडू, आणि चालत असल्यास अंडी व मासे, हे पदार्थ आलटून पालटून ताटात यावेत. उसळीवर लिंबू पिळावे; त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणासोबत नको. त्यात व जेवणात निदान तासाभराचे अंतर असावे, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी 'उष्ण पडते' म्हणून फेकून देण्यास सांगू नये. ती जेवणानंतर घ्यावी. तिच्यामुळे शौचास काळसर झाल्यास घाबरण्याचे कारण नाही.

पाळी नुकतीच सुरू झालेल्या नातीला पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित येऊ शकते. पण दर दोन-तीन तासांनी पॅड भिजत असेल किंवा पाळी आठ दिवसांहून अधिक टिकत असेल, तर 'बाईच्या जातीला हे असायचेच' असे म्हणून वाट पाहू नये, डॉक्टरांना दाखवावे. पूर्वी जे आपण मुकाट्याने सोसले, ते तिनेही सोसावे असे थोडेच आहे?

आणि खेळ. रोज निदान एक तास घाम येईल अशी हालचाल या वयात आवश्यक आहे. दहावीच्या वर्षी सर्वप्रथम मैदान बंद होते. तो तास वाचवून अभ्यास वाढतोच असे नाही. झोप आणि मन मात्र हमखास बिघडते.

किल्ली आणि पुडी

अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत गिअरची गाडी चालवण्यास कायद्याने मनाई आहे. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना केवळ ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी असतो. आपल्या घरांतील नेहमीच्या स्कूटर त्याहून मोठ्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. गाडी आजोबांच्या नावावर असेल, तर जबाबदारीही आजोबांचीच.

परंतु मी कायद्यापेक्षा शरीराचे सांगेन. या वयात हातपाय मोठ्या माणसाएवढे होतात. धोक्याचा अंदाज घेऊन स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. 'आमचा बाळू छान चालवतो' हे खरेही असेल. पण समोरून अचानक कुत्रे आडवे आल्यावर काय करायचे, हे चालवता येण्याने येत नाही. मागे बसतानाही हेल्मेट हवेच, गल्लीतल्या गल्लीत जायचे असले तरी.

पाठवण्याचाच विषय निघाला आहे, तर आणखी एक. नातवाला तंबाखूची पुडी किंवा सिगारेट आणायला पाठवू नये. अठरा वर्षांखालील मुलांना ती विकणे गुन्हा आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुडी हाताळण्याची सवय आपणच लावतो आणि मग ती तोंडात गेल्यावर शाळेला व मित्रांना दोष देतो. आजोबांनी स्वतः तंबाखू सोडण्याचा प्रयत्न नातवासमोर केला, तर त्याचा परिणाम दहा व्याख्यानांहून मोठा होईल.

औषधांचा डबा

ज्येष्ठांच्या उशाशी औषधांचा डबा असतो. त्यात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या आणि कधी झोपेच्या गोळ्या असतात. हा डबा किशोरवयीन मुलांच्या घरात कुलपात असावा. परीक्षेतील अपयश, मैत्रीतील तुटातूट, चारचौघांत झालेला अपमान अशा एखाद्या क्षणी मुले टोकाचे पाऊल उचलतात. पुष्कळदा तो आवेग थोड्या वेळाचा असतो आणि हाताशी जे असेल ते वापरले जाते. हाताशी काही नसले, तर तो क्षण निघून जाण्याची संधी मिळते. शेतावरच्या घरांत कीटकनाशकांनाही हाच नियम लावावा. चुकून किंवा जाणूनबुजून गोळ्या घेतल्याची शंका जरी आली, तरी त्रास दिसण्याची वाट न पाहता, गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. घरी उलटी करवू नये.

मूल अचानक अबोल झाले, खाणे-झोपणे बदलले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा 'मी नसतो तर बरे' असे बोलले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. 'जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?' असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही समुपदेशकाशी बोलता येते.

'कुणाला सांगू नकोस' म्हणू नका

आई-वडिलांना न सांगितलेली गोष्ट मुले कधी कधी आजीला सांगतात. कुणी नको तिथे हात लावला, मोबाइलवर कुणी छायाचित्र मागितले, ते पसरवण्याची धमकी दिली, असे काही कानावर आले तर पहिले वाक्य असावे, ''तू सांगितलेस हे चांगले केलेस. यात तुझी चूक नाही.'' ती व्यक्ती नात्यातली असली तरी प्रकरण झाकू नये. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे. अशी घटना कळल्यास ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मोबाइलवरील संदेश पुसून टाकू नयेत, ते पुराव्यासाठी लागतात.

हे सारे वाचून 'आता नातवंडांवर पाळत ठेवायची का?' असे वाटेल. तसे मुळीच नाही. पाळत ठेवली की मुले लपवू लागतात. शाळेतून आल्यावर 'किती गुण मिळाले?' याऐवजी 'आज काय मजा झाली?' असे विचारावे आणि 'आमच्या वेळी' हे दोन शब्द थोडे मागे ठेवून उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. आपल्याजवळ वेळ आहे. घरातील इतर मोठ्या माणसांजवळ तोच नसतो.

त्या आजोबांनी आता स्कूटरची किल्ली कपाटात ठेवली आहे. नातवाचा खांदा बरा झाला आहे. दर रविवारी दोघे मिळून गोळ्या मोजतात आणि आठवड्याच्या शिल्लक राहिल्या की सोमवारी सायंकाळी चालत माझ्याकडे येतात. शनिवारी ऐनवेळी गोळ्या संपल्याचा फोन त्यानंतर आलेला नाही. आणि मीही, कुणाला तरी पाठवा असे म्हणण्यापूर्वी, 'कोण येणार आणि कसे येणार?' हे विचारू लागलो आहे.