जखमेस सरस लावावा काय?

पाचट काढतांना बोट चिरणें व थंडींत टाचांस भेगा पडणें शेतकऱ्यांस नवें नाहीं. अशा जागीं दुकानांतील झटपट चिकटणारा सरस लावण्याची चाल हल्लीं पसरली आहे, म्हणून त्याविषयीं लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हा सरस म्हणजे सायनोॲक्रिलेट. १९४२ सालीं अमेरिकेंत बंदुकीच्या नेमाकरितां पारदर्शक प्लॅस्टिक शोधतांना तो हॅरी कूव्हर यांच्या हातीं लागला. ओलावा मिळतांच तो घट्ट होतो, आणि कातडींत ओलावा असतोच. शस्त्रवैद्यही जखमा चिकटवितात हें खरें. पण त्यांचा ऑक्टिल जातीचा सरस निर्जंतुक असून सावकाश विघटतो. घरगुती सरस बहुधा इथिल जातीचा. तो घट्ट होतांना तापतो व विघटतांना मांसास झोंबतो. कापसावर पडल्यास तर इतका तापतो कीं कातडी भाजते! सबब कापसाच्या बोळ्यानें तो कदापि लावूं नये.

याहून मोठें भय धनुर्वाताचें. त्याचे जंतू मातींत व शेणांत असतात आणि हवा न लागेल तेथेंच वाढतात. मळकी जखम वरून बंद करणें म्हणजे त्यांस घर बांधून देणें होय. कोयता लागल्यास जखम स्वच्छ पाण्यानें व साबणानें धुवावी, फडकें दाबून रक्त थांबवावें व लसीविषयीं डॉक्टरांस विचारावें. जखम खोल असल्यास घरीं वेळ दवडूंच नये.

भेगांस सरस नकोच. पाय कोमट पाण्यांत भिजवून पुसावे व रात्रीं भिरंडेल चोळावें. कोंकणांत तें घरोघर असतें. मधुमेह असणारांनीं मात्र भेगा डॉक्टरांस दाखवाव्या. सरसानें बोटें चिकटलींच तर ओढूं नयेत, साबणाच्या कोमट पाण्यांत हळूहळू सोडवावीं.