परसातील कार्यालय : आधी जोते, मग खोली

सातारा/सांगली : मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यानंतर पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणारे अनेक तरुण सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आपापल्या घरी परतले. जेवणाच्या टेबलावर किंवा माडीच्या कोपऱ्यात सुरू झालेले त्यांचे काम साथ ओसरल्यावरही पूर्णपणे थांबले नाही. काही कंपन्यांनी आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची मुभा कायम ठेवली. मात्र कुकरच्या शिट्ट्या, दूरचित्रवाणीचा आवाज आणि पाहुण्यांची ये-जा यांच्यात आठ-नऊ तास काम करणे कठीण जाते. त्यातूनच बंगल्याच्या परसात एक लहानशी स्वतंत्र खोली उभारण्याचा विचार पुढे येतो. वृद्ध आई-वडिलांजवळ राहायचे, की पुन्हा पुण्यात भाड्याच्या खोलीत जायचे, याचा निर्णय काही घरांत या ऐंशी चौरस फुटांवर अवलंबून असतो.

कल्पना जुनी, हवामान वेगळे

घराला लागून कामाची जागा असणे आपल्याकडे नवे नाही. ओसरीवरील वकिलांची कचेरी आणि बंगल्याच्या पुढच्या खोलीतील डॉक्टरांचा दवाखाना सर्वांच्या परिचयाचा आहे. बागेतील स्वतंत्र तयार खोलीचे सध्याचे रूप मात्र प्रामुख्याने ब्रिटनसारख्या थंड देशांतून आले आहे. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची बागेतील लेखनाची लाकडी खोली उन्हाच्या दिशेने फिरवता येत असे. तेथे ऊन आत घेण्याची धडपड असते. आपल्याकडे ते बाहेर ठेवण्याची. म्हणूनच माहितीपत्रकातील चित्र पाहून खोली निवडण्याआधी जागेचा विचार करणे अगत्याचे ठरते.

परवानगीचा गैरसमज

‘केबिन उचलून नेता येते, मग परवानगी कशाला?’ हा समज सर्वत्र आढळतो. ब्रिटनमध्ये ठरावीक उंचीच्या व आकाराच्या बागेतील खोलीसाठी बहुधा स्वतंत्र अर्ज करावा लागत नाही. महाराष्ट्रात २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ‘इमारत’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. कोणत्याही प्रयोजनासाठी, कोणत्याही साहित्याने उभारलेली रचना तीत येते. तात्पुरते तंबू, शामियाने आणि ताडपत्रीचे निवारे तेवढे वगळलेले आहेत. पत्र्याची किंवा पफ पॅनेलची खोली या सवलतीत बसत नाही.

दुसरा प्रश्न सामासिक अंतराचा. बंगल्याभोवती नियमानुसार सोडलेली मोकळी जागा रिकामी दिसली, तरी ती बांधकामासाठी नसते. त्यामुळे मंजूर नकाशा घेऊन परवानाधारक अभियंत्याचा किंवा वास्तुविशारदाचा सल्ला प्रथम घ्यावा आणि त्यानंतरच नगरपालिका, महापालिका किंवा संबंधित प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस येऊ शकते. शेजाऱ्याची एक तक्रार त्यासाठी पुरेशी ठरते.

कृष्णेची पातळी

सांगलीत जागेचा विचार आयर्विन पुलापासून सुरू होतो. या पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पुराने ती ओलांडली. ऑगस्ट २०१९ मध्ये तर पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नदी आणि निळी पूररेषा यांच्यामधील पट्टा निषिद्ध असतो, तर निळ्या व लाल रेषेमधील पट्ट्यात बांधकामावर निर्बंध असतात. आपला भूखंड कोठे येतो, हे नकाशावर पाहणे ही पहिली पायरी होय.

हलक्या खोलीला आणखी एक धोका संभवतो. १० फूट बाय ८ फूट तळाची बंदिस्त केबिन एक फूट पाण्यात उभी राहिली आणि आत पाणी शिरले नाही, तर तिच्यावर सुमारे सव्वादोन टन वजनाइतका वरच्या दिशेने दाब येतो. केबिनचे वजन त्याहून कमी असेल, तर ती तरंगू लागते. म्हणून जोते उंच हवे आणि सांगाडा त्याला बोल्टने जखडलेला हवा.

काळी माती आणि तिरपा पाऊस

कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा मातीवर थेट फरशी घातल्यास ती उचलली जाते आणि दार अडकू लागते. वरचा काळा थर काढून मुरूम थराथराने भरावा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसावा आणि त्यावर जोते बांधावे. जमिनीला वाळवीप्रतिबंधक प्रक्रियाही याच वेळी करून घ्यावी.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडील उताराच्या जागांत वरून वाहत येणारे पाणी वळविण्यासाठी खोलीच्या चढाच्या बाजूस गटार काढावे लागते. पश्चिमेकडून येणारी तिरपी झड लक्षात घेता छप्पर भिंतीबाहेर दीड-दोन फूट काढणे हिताचे. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरचा धो धो पाऊस आणि माण-खटावची कोरड आहे. सांगलीतही शिराळा आणि जत यांच्या पावसात मोठा फरक आहे. म्हणून दुसऱ्या तालुक्यातील नमुना जसाच्या तसा उचलू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण असलेल्या या भागात हलके बांधकाम फायद्याचे असते. मात्र पुस्तकांची कपाटे भिंतीला पक्की बसवावीत.

ऊन, वीज आणि जोडणी

नुसत्या पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत काम करणे अशक्य होते. छताला उष्णतारोधक थर, त्याखाली हवा खेळण्यास पोकळी, वर पांढरा परावर्तक रंग आणि मोठी खिडकी उत्तरेला, ही व्यवस्था वातानुकूलन यंत्राचा भार बराच कमी करते. झाडाची सावली चांगलीच. पण नारळाखाली किंवा सेप्टिक टाकीवर खोली ठेवू नये.

वीज मुख्य घरातून जमिनीखालील पाइपातून आणावी. ओल्या परसात विजेचा धक्का जिवावर बेततो. त्यामुळे स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच आणि योग्य अर्थिंग यांत काटकसर नको. हे काम परवानाधारक वीज कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. लॅपटॉप, राउटर, दिवा आणि पंखा मिळून सुमारे १६५ वॅट लागतात. १५० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर ते सहा-सात तास चालतात. पत्र्याच्या भिंतींतून वाय-फाय क्षीण होत असल्याने घरापासून इंटरनेटची तार ओढणे उत्तम. तिला १०० मीटरपर्यंत अडचण येत नाही.

तयार खोली एका दिवसात ट्रकमधून येते. नकाशा, परवानगी, जोते आणि वीज यांना मात्र काही आठवडे लागतात. हे आठवडे वाचविण्याच्या नादात पहिल्या पावसाळ्यातच परत जेवणाच्या टेबलावर येण्याची वेळ येऊ नये, एवढी काळजी घेतली तर परसातील ही लहानशी खोली गावाकडे टिकून राहण्याचे मोठे साधन ठरू शकते.