दोन प्रोसेसरांचा एक संगणक : दुप्पट ताकद की दुप्पट खर्च?

ऑगस्ट २०१९मध्ये एएमडी कंपनीने 'एपिक ७७४२' हा ६४ कोअरचा सर्व्हर प्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा त्याची घोषित किंमत ६,९५० डॉलर होती. मोठी डेटा सेंटर ठरावीक वर्षांनी आपली यंत्रे बदलतात आणि त्यांतून बाहेर पडलेले असे प्रोसेसर जुन्या मालाच्या बाजारात मूळ किमतीच्या अल्पांशात मिळू लागतात. दोन प्रोसेसर घ्यावेत, दोन सॉकेटचा मदरबोर्ड मिळवावा आणि १२८ कोअर, २५६ थ्रेडचे यंत्र आपल्या टेबलाखाली उभे करावे, असा मोह त्रिमितीय चित्रणाचा छोटा स्टुडिओ चालवणाऱ्यांना, वास्तुविशारदांना आणि संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना पडतो, यात नवल नाही.

मात्र मदरबोर्ड, रॅम, कूलर, कॅबिनेट व वीजपुरवठ्याचा संच यांची बेरीज केली की स्वस्तात मिळालेल्या प्रोसेसरांचा हिशेब लाखांच्या घरात जातो. म्हणूनच दुसरा प्रोसेसर नेमके काय देतो आणि काय देत नाही, हे पैसे मोजण्याआधी समजून घेणे अगत्याचे ठरते.

कोअर अधिक, वेग मात्र कमी

कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतील स्वतंत्रपणे काम करणारे गणनयंत्र. एपिक ७७४२मध्ये आठ-आठ कोअरच्या आठ चकत्या आणि मधोमध रॅम व इतर भागांशी संपर्क ठेवणारी एक वेगळी चकती अशी रचना असते. इतके कोअर एकाच वेळी राबवायचे, तर उष्णता आटोक्यात ठेवावी लागते. त्यामुळे या प्रोसेसरचा मूळ वेग २.२५ गिगाहर्ट्झ असून तो फार तर ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. याउलट २०२२मध्ये आलेला 'रायझन ९ ७९५०एक्स' हा १६ कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो.

याचा अर्थ असा, की जे काम एकाच कोअरवर चालते ते या महाकाय यंत्रापेक्षा चांगल्या डेस्कटॉपवर लवकर उरकते. ऑटोकॅडमधील आरेखन बहुतांशी याच प्रकारात मोडते. त्याच इमारतीचे प्रकाश-छायेसह वास्तवदर्शी चित्र तयार करणे, म्हणजेच रेंडरिंग, हे काम मात्र शेकडो तुकड्यांत विभागता येते व तेथे प्रत्येक कोअर उपयोगी पडतो. एकाच वास्तुविशारदाच्या एकाच दिवसातील ही दोन कामे दोन वेगळ्या यंत्रांची मागणी करतात.

आमडाल यांचा हिशेब

काम किती विभागता येते, यावर लाभ किती हे ठरते. संगणकतज्ज्ञ जीन आमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला विचार आज त्यांच्याच नावाच्या नियमाने ओळखला जातो. लग्नघरात भाजी चिरायला दहा हात लागले तर काम झपाट्याने होते. भात शिजायला लागणारा वेळ मात्र माणसे वाढवून कमी होत नाही. प्रत्येक संगणकीय कामात असा न विभागता येणारा काही भाग असतोच.

समजा, एखाद्या कामाला एका कोअरवर १०० मिनिटे लागतात आणि त्यातील ९५ मिनिटांचे काम विभागण्याजोगे आहे. ६४ कोअर लावल्यास हा भाग सुमारे दीड मिनिटात संपतो. उरलेली ५ मिनिटे तशीच राहतात. एकूण वेळ साडेसहा मिनिटे. आता दुसरा प्रोसेसर बसवून कोअर १२८ केले, तर एकूण वेळ ५.७४ मिनिटांवर येतो. दुसऱ्या प्रोसेसरने वाचवले ते अवघे पाऊण मिनिट. हेच काम ९९.९ टक्के विभागण्याजोगे असेल, तर ६४ कोअरवर लागणारा १.६६ मिनिटांचा वेळ १२८ कोअरवर ०.८८ मिनिटांपर्यंत उतरतो, म्हणजे जवळपास निम्मा होतो. दुसऱ्या प्रोसेसरची किंमत वसूल होते ती अशाच कामांत.

एका वाड्यात दोन कोठारे

दोन प्रोसेसर म्हणजे एकाच वाड्यात मांडलेल्या दोन चुली. प्रत्येक चुलीजवळ तिचे स्वतःचे कोठार असते. आपल्या कोठारातला जिन्नस हाताशी असतो. दुसऱ्या चुलीच्या कोठारातून काही आणायचे तर अंगण ओलांडावे लागते. संगणकात हे कोठार म्हणजे रॅम. प्रत्येक प्रोसेसरला त्याच्या शेजारच्या खाचांतील रॅम थेट जोडलेली असते. दुसऱ्या प्रोसेसरच्या रॅममधील माहिती हवी असल्यास ती दोघांमधील दुव्यावरून मागवावी लागते आणि त्यासाठी दीडपट ते दुपटीपर्यंत वेळ लागतो. या असमान रचनेला तंत्रज्ञ 'नूमा' म्हणतात. सॉफ्टवेअरला ही रचना उमजत नसेल, तर कोअर अर्धा वेळ माहितीची वाट पाहत बसतात आणि क्वचित दोन प्रोसेसरांपेक्षा एकावरच काम लवकर होते.

दुव्याची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. ग्राफिक्स कार्ड, वेगवान डिस्क इत्यादी जोडण्यासाठी एकट्या एपिक ७७४२कडे पीसीआयईच्या १२८ मार्गिका असतात. दोन प्रोसेसर जोडल्यावर त्या २५६ होत नाहीत. प्रत्येकाच्या साधारण ६४ मार्गिका परस्परांशी बोलण्यात खर्ची पडतात आणि बाहेरच्या कार्डांसाठी पुन्हा १२८च उरतात. दुव्याची रुंदी कमी केल्यास फार तर १६०.

दुप्पट होते ती रॅमची एकत्रित क्षमता आणि तिच्याशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा एकूण वेग. हवामान वा सागरी प्रवाहांच्या गणिती प्रतिकृती, द्रवगतिशास्त्राची गणिते, प्रचंड माहितीसंचांवरील प्रक्रिया यांना नेमकी त्याचीच भूक असते आणि म्हणून अशा कामांत दोन सॉकेटची यंत्रे रुळली आहेत.

खरेदीतील सापळे

जुना सर्व्हर प्रोसेसर घेताना त्याच्या क्रमांकाचे शेवटचे अक्षर पाहावे. एपिकच्या नावाच्या शेवटी 'पी' असल्यास, उदाहरणार्थ ७७०२पी, तो केवळ एका सॉकेटच्या मदरबोर्डसाठी असतो. जोडीने तो चालत नाही. दुसरा सापळा कुलपाचा. काही सर्व्हर उत्पादक सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रोसेसरला आपल्याच मदरबोर्डशी कायमचे बांधून टाकतात. असा प्रोसेसर अन्य कंपनीच्या बोर्डवर सुरूच होत नाही आणि हे कुलूप पुन्हा उघडता येत नाही. कुलूप नसल्याची लेखी हमी विक्रेत्याकडून घेणे शहाणपणाचे.

मदरबोर्डच्या बाबतीत केवळ सॉकेट जुळणे पुरेसे नसते. एपिकच्या पहिल्या पिढीसाठी निघालेल्या काही बोर्डांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर नंतरच्या पिढीचे प्रोसेसर चालत नाहीत. बोर्डवर छापलेला आवृत्ती क्रमांक आणि उत्पादकाची सुसंगत प्रोसेसरांची यादी ताडून पाहावी. दोन सॉकेटचे अनेक बोर्ड सुमारे ३०५ बाय ३३० मिलिमीटरचे असतात. ते साध्या कॅबिनेटमध्ये मावत नाहीत आणि स्क्रूच्या छिद्रांच्या जागाही वेगळ्या असू शकतात.

रॅमच्या खरेदीत सर्वाधिक चुका होतात. या प्रोसेसरांना 'रजिस्टर्ड' प्रकारची सर्व्हर रॅम लागते. घरगुती डेस्कटॉपची रॅम त्यांवर चालत नाही. एपिक ७७४२ला रॅमच्या आठ वाहिन्या असतात. ३,२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमच्या आठही वाहिन्या भरल्या, तर सेकंदाला २०४.८ गिगाबाइट माहितीची ये-जा होऊ शकते. दोनच पट्ट्या बसवल्या तर हा आकडा ५१.२वर घसरतो. म्हणजे ६४ गिगाबाइटच्या दोन पट्ट्यांपेक्षा १६ गिगाबाइटच्या आठ पट्ट्या केव्हाही बऱ्या, आणि दोन प्रोसेसरांसाठी अशा सोळा. पैसे वाचवण्यासाठी खाचा रिकाम्या ठेवणे म्हणजे कोअर विकत घेऊन त्यांना उपाशी ठेवणे होय.

जोडणी करताना

या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये ४,०९४ नाजूक पिना असतात आणि त्यातील एक वाकली तरी रॅमची एखादी वाहिनी गायब होऊ शकते. म्हणून जुना बोर्ड हाती येताच भिंगाखाली सॉकेट तपासावे. सॉकेटची चौकट तीन स्क्रूंनी बंद होते. स्क्रूंशेजारी १, २, ३ असे आकडे असतात. त्याच क्रमाने ते आवळावेत आणि उघडताना उलट क्रम पाळावा. दाब असमान पडल्यास यंत्र सुरू होत नाही किंवा काही पट्ट्या ओळखल्या जात नाहीत. प्रोसेसरचे झाकण आकाराने मोठे असल्यामुळे त्याचा संपूर्ण पृष्ठभाग व्यापणारा कूलरच निवडावा. दोन कूलर एकामागोमाग येत असतील, तर पहिल्याची गरम हवा दुसऱ्यात शिरते हेही ध्यानात ठेवावे. वीजपुरवठ्याच्या संचात प्रोसेसरसाठीच्या आठ पिनांच्या किमान दोन स्वतंत्र वायरी हव्यात.

प्रथम एकच प्रोसेसर आणि त्याच्याच खाचांत रॅम बसवून यंत्र सुरू करणे इष्ट. ते नीट चालल्यावर दुसरा बसवावा. म्हणजे दोष कोठे आहे हे शोधणे सोपे जाते. दुसरे सॉकेट रिकामे असताना त्याला जोडलेल्या कार्डांच्या खाचा बंद राहतात, हा बिघाड समजू नये. पहिल्यांदा सुरू होताना पडद्यावर काही दिसायला काही मिनिटे लागू शकतात. सर्व्हर बोर्ड रॅमची कसून तपासणी करत असल्याने घाबरून बटण दाबू नये. बोर्डवरील देखरेख करणारी चिप संथ गतीच्या शांत पंख्यांना नादुरुस्त समजून सगळे पंखे एकदम जोरात फिरवते, असाही अनुभव अनेकदा येतो. पंख्यांच्या किमान गतीची मर्यादा खाली आणली की हा गोंगाट थांबतो.

विंडोजची 'होम' आवृत्ती एकच प्रोसेसर वापरते. दुसरा शोभेपुरता राहतो. दोन प्रोसेसरांसाठी किमान 'प्रो' आवृत्ती लागते. शिवाय विंडोज थ्रेडची ६४-६४च्या गटांत विभागणी करते आणि बरेच जुने प्रोग्रॅम एका गटापलीकडे पाहू शकत नाहीत. लिनक्समध्ये ही अडचण येत नाही. एखादे काम ठरावीक प्रोसेसर आणि त्याच्याच रॅमशी बांधून ठेवण्याची सोयही तेथे आहे.

वीज, उष्णता आणि पावसाळा

एपिक ७७४२ची उष्णतामर्यादा २२५ वॅट, म्हणजे दोघांची ४५०. रॅम, डिस्क व पंखे धरून यंत्र ६०० वॅट घेते असे मानले, तर दिवसाला दहा तासांच्या पूर्ण भारात ६ आणि महिन्याला १८० युनिट वीज लागते. ही सारी वीज अखेरीस उष्णता होऊन खोलीत उतरते आणि ती बाहेर काढण्याचा भार वातानुकूलन यंत्रावर पडतो.

गोव्याच्या पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते, हे वेगळे सांगायला नको. रात्रभर चाललेले रेंडरिंग पहाटे वीज गेल्याने वाया जाणे परवडत नाही. घरगुती संगणकासाठी विकला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. या यंत्रासाठी त्याच्या किमान दुप्पट-तिप्पट क्षमतेचा यूपीएस हवा आणि त्याची किंमत पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवी.

निर्णय कसा घ्यावा?

लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी मे २०२०मध्ये आपला कामाचा संगणक बदलला, तेव्हा ३२ कोअरचा एकच 'थ्रेडरिपर ३९७०एक्स' घेतला आणि त्यांच्या चाचणीसाठीच्या जुळण्या तिपटीने वेगवान झाल्या. हजारो फायली एकाच वेळी जुळवण्याचे त्यांचे काम सहज विभागता येणारे. तरीही एक प्रोसेसर त्यांना पुरला. रेंडरिंग करणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डाचाही विचार करावा. दृश्य कार्डाच्या स्मृतीत मावत असेल, तर त्याच पैशांत चांगले कार्ड बहुधा सरस ठरते.

सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र मोजून पाहण्याचा. क्लाउड सेवांवर अनेक कोअरचे सर्व्हर तासाच्या भाड्याने मिळतात. आपलीच फाइल, आपलेच सॉफ्टवेअर घेऊन तेथे आधी ३२, मग ६४ आणि मग १२८ कोअरवर काम चालवावे आणि लागलेला वेळ कागदावर लिहावा. शेवटच्या टप्प्यात वेळ निम्म्याच्या जवळ आला, तर दोन प्रोसेसरांचे यंत्र खुशाल जोडावे. तो जेमतेम उतरला, तर काही तासांच्या भाड्यात लाखाचा खर्च वाचला असे समजावे.